शेवटचे बावीस मीटर

३ फेब्रुवारी

भाऊजी,

नमस्कार. 'सप्रेम' हा शब्द मुद्दाम गाळला आहे, घाईत राहिलेला नाही.

पत्र रजिस्टर पोस्टाने, पोचपावती लावून पाठवते आहे. उद्या 'मिळालंच नाही' म्हणायची सोय नको. टपालातल्या या खाचाखोचा आता मलाही कळतात. तुमचे दादा गेल्यावर त्यांच्या जागी मला घेतलं. त्यांनी तीस वर्षं पायी फिरून पत्रं वाटली, मी टेबलाशी बसून वर्गवारी करते. तीन वर्षांत तुम्ही चौकशी केली नाहीत, म्हणून आपणहून सांगितलं.

आता कामाचं. सरकारी आरोग्य विमा योजनेची ती समिती, महागड्या औषधांचे अर्ज तपासणारी, जिच्यावर तुम्ही सात वर्षं बसलात, तिथे गेल्या महिन्यापासून एक नवी खुर्ची आली आहे. रुग्णांच्या घरच्यांसाठी. आम्ही चाळीस घरांनी अर्ज करकरून ती मिळवली आणि तिच्यावर मला बसवलं. तुम्ही डिसेंबरात 'वैयक्तिक कारणासाठी' रजेवर गेलात आणि मी जानेवारीत आले, त्यामुळे आपली चुकामूक झाली. तुमची निळ्या झाकणाची पाण्याची बाटली अजून तिथल्या खिडकीत आहे.

काल सात फायली घरी आल्या. फायलींवर नावं नसतात, नुसते क्रमांक. ही पद्धत तुम्हीच आणलीत म्हणे, ओळखीपाळखीला वाव राहू नये म्हणून. पाचवी फाईल उघडली. पुरुष, वय एकावन्न. स्नायू झिजवणारा आजार, पायांपासून सुरू होऊन श्वासापर्यंत जाणारा, आईबापांच्या रक्तातून आलेला. 'कुटुंबात आणखी कोणाला?' या रकान्यात तीन शब्द होते: थोरला भाऊ, मृत.

मी फाईल मिटली, चहा केला, प्यायले आणि पुन्हा उघडली. तुमचं अक्षर मी ओळखते, भाऊजी. 'मृत' लिहिताना सुद्धा तुमची ओळ वाकडी होत नाही.

जात्यातले रडतात तेव्हा सुपातले हसतात, असं सासूबाई म्हणायच्या. तुम्ही सुपात होतात. आता तुमची पाळी आली आहे आणि जात्याचा खुंटा माझ्या हातात आहे. बैठक सत्तावीस तारखेला आहे. माझ्याकडे एक मत आहे आणि एक तोंड आहे, एवढं लक्षात असू द्या.

वहिनी


१० फेब्रुवारी

भाऊजी,

तुमचं पत्र पोचलं. टंकलेखन सुरेख. 'वहिनी, तुमची तब्येत कशी आहे' यासाठी अर्धी ओळ आणि 'नात्यामुळे तुम्ही या अर्जापासून बाजूला होणं उचित ठरेल' यासाठी दीड पान. ताकाला जाऊन भांडं लपवू नये. सरळ लिहायचं होतं, की वहिनी, मला तुमची भीती वाटते.

तुम्ही लिहिता, 'दादाच्या वेळी मी स्वतः बाजूला झालो होतो.' झाला होतात ना. मला आठवतं. तुम्ही बाहेर बाकावर जाऊन बसलात, पेपर वाचत. पण आत तुमची रेघ बसलेली होतीच की. सहा मिनिटांत रुग्ण किती चालतो ते मोजायचं. चारशे मीटरांच्या आत थांबला तर आजार गंभीर, औषध मंजूर. चारशेच्या पुढे एक पाऊल जरी गेलं तरी 'अद्याप पुरेसा गंभीर नाही, वर्षाने पुन्हा अर्ज करावा'. औषध महाग, निधी तोकडा, कुठेतरी रेघ मारावीच लागते, असं तुम्ही टिपणात लिहिलंत. ते टिपण मी गेल्या महिन्यात वाचलं. रेघ मारणाऱ्याने बाहेर बसलं काय आणि आत बसलं काय!

तुमचे दादा चारशे बारा मीटर चालले. का चालले ते तुम्हाला माहीत आहे. तीस वर्षं पोस्टमन होता तो माणूस. लोक त्यांना 'टपालघोडा' म्हणायचे आणि हे त्यावर खूश असायचे. अशा माणसाला दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये उभं करून 'चाला' म्हटलं, की तो काय करणार? ठेवणीतले काळे बूट काढले, पॉलिश केले आणि जिवाच्या आकांताने चालले. आम्हाला वाटलं, ही परीक्षा आहे. जास्त गुण, जास्त औषध. रेघेबद्दल आम्हाला कोणीच काही सांगितलं नव्हतं. रुग्णाला सांगायचं नाही, हाही तुमचाच नियम.

तुम्ही तिथेच होतात. भिंतीशी, पांढऱ्या कोटात, काखेत फाईल. रेघ तुमची, भाऊ तुमचा. एक शब्द पुरला असता. 'हळू.' तुम्ही मूग गिळून गप्प बसलात.

आता एक आठवण, जी तुम्ही विसरला असाल. तुमचं डॉक्टरकीच्या प्रवेशाचं पत्र आलं, ते ह्यांच्याच थैलीत आलं होतं. सासूबाई सांगायच्या. पोस्टमनने रस्त्याच्या क्रमानेच टपाल वाटायचं असतं, आपलं घर शेवटी. त्या दिवशी हे अख्खी थैली घेऊन उलटे फिरले आणि आधी घरी धावत आले, कारण फी भरायची मुदत दुपारी संपत होती. साहेबांनी लेखी समज दिली. तीस वर्षांत क्रम मोडला तो तेवढा एकदाच, आणि तुमच्यासाठी.

मी बाजूला होणार नाही. तक्रार करायची असेल तर अध्यक्षबाईंकडे करा. पत्ता तुम्हाला माहीत आहे.

वहिनी


१५ फेब्रुवारी

भाऊजी,

तक्रार अजून आलेली नाही, म्हणजे तुम्ही ती करणार नाही. कारण केलीत तर तुमची फाईल सगळेच नीट वाचतील, आणि तेच तुम्हाला नको आहे.

मी मात्र ती नीट वाचली. डोळ्यांत तेल घालून. तुमची चालण्याची चाचणी: तीनशे अठ्ठ्याऐंशी मीटर. रेघेच्या बरोबर बारा मीटर आत. तुमचे दादा बारा मीटर बाहेर गेले, तुम्ही बारा मीटर आत राहिलात. वाचून मला हसू आलं, खरंच सांगते, एकटीच खो-खो हसले.

चाचणी घेणारी व्यायामतज्ज्ञ मुलगी नवीन असावी. नव्या लोकांना सगळं लिहायची सवय असते. तिने शेरा लिहिला आहे: 'रुग्ण बुटाची नाडी बांधण्यासाठी दोनदा थांबले. खाली बसून, आधाराशिवाय उठले.'

भाऊजी, या आजारात माणूस चारशेच्या आत येतो तेव्हा त्याला वाकता येत नाही, आणि वाकला तर उठता येत नाही. त्या सकाळी ह्यांच्या नाड्या मी बांधल्या होत्या. चारशे बारा चालणाऱ्या माणसाच्या! आणि तुम्ही तीनशे अठ्ठ्याऐंशीत दोनदा बसता आणि उठता. तुम्हाला आजार आहे, रक्ताचा अहवाल खोटं बोलत नाही. पण तुम्ही अजून रेघेच्या पुष्कळ पुढे आहात. तुम्ही नियम केला, दुसऱ्यांना त्याच्यावर चालवलंत आणि स्वतःची वेळ आली तेव्हा नाडी बांधत बसलात. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं!

तेव्हा ऐका. समितीला स्वतःच्या हाताने पत्र लिहा. टंकलेखन नको. एक, चारशेचा आकडा कुठून आणलात ते लिहा. दोन, भावाच्या चाचणीला उभे राहून तुम्ही गप्प का बसलात ते लिहा. तीन, स्वतःच्या चाचणीत काय केलंत ते लिहा. बैठकीआधी ते पत्र पोचलं नाही, तर मी तुमची चाचणी पुन्हा घ्यायला लावीन. त्या दिवशी रजा काढीन, कॉरिडॉरच्या टोकाला खुर्ची टाकीन आणि तुमच्या पायांकडे बघत बसेन. मग चालून दाखवा हळू.

खरं चाललात तर औषध मिळणार नाही. खोटं चाललात तर मी सगळ्यांसमोर सांगेन. ह्यांना वर्षभर थांबवलंत ना? तुम्हीही थांबा. वर्षाने ह्यांचं काय झालं होतं, ते आठवत असेलच. उभंही राहवत नव्हतं, आणि मग तुमच्या समितीने लिहिलं, 'आजार पुढे गेला आहे, औषधाचा लाभ होण्याची शक्यता कमी.' आधी लवकर होतं, मग उशीर झाला. मधला तो योग्य दिवस कोणता होता, भाऊजी? मी कॅलेंडर घेऊन शोधला आहे. सापडला नाही.

वहिनी


२० फेब्रुवारी

भाऊजी,

काल तुम्ही येऊन गेलात. समोर बोलणं मला नीट जमलं नाही, म्हणून लिहिते.

दुसऱ्या मजल्यापर्यंत यायला तुम्ही तीनदा थांबलात. मी दार उघडून वर उभी होते. खाली येऊन हात द्यावा असं एकदाही मनात आलं नाही. तुम्ही ह्यांच्या खुर्चीत बसलात, कारण दुसरी खुर्ची मी मुद्दाम आत ठेवली होती. आणि जाताना उठलात तेव्हा आधी दोन्ही हात गुडघ्यांवर, मग मांड्यांवर, स्वतःच्याच अंगाला शिडी लावून चढावं तसे. हे अगदी असेच उठायचे. तुम्ही खोटे दाखवलेले तीनशे अठ्ठ्याऐंशी खरे व्हायला आता फार दिवस नाहीत, हे मला कळलं. मला आनंद झाला. खोटं कशाला लिहू? पोटात गार वाटलं. तुम्ही गेल्यावर मात्र तासभर त्या खुर्चीकडे मला बघवलं नाही.

तुम्ही म्हणालात, "वहिनी, मी हात वर केला होता. दादाला थांबवायला. तुम्हीही पाहिलंत."

पाहिला होता मी तो हात. मला वाटलं, तुम्ही शाबासकी देताय. ह्यांनाही तेच वाटलं, घरी येताना रिक्षात म्हणाले, "धाकट्याने बघितलंस का, हात केला." किती खूश होते ते! तुमचं खरं मानलं तरी मला एवढंच विचारायचं आहे, की तोंड होतं ना तुम्हाला? हात कशाला?

तर तुम्ही म्हणालात, "नोकरी गेली असती."

गेली असती. पुढे?

आणि तो आकडा. मी विचारलं, "चारशेच का? तीनशे नव्वद का नाही, चारशे तीस का नाही?" तुम्ही बुटांकडे बघितलंत. मग म्हणालात, "गोल आकडा होता. फाईल वाचायला सोपा." मी तुम्हाला घराबाहेर काढलं ते त्यामुळे. तुम्हाला वाटलं असेल, वहिनीचं डोकं फिरलं. फिरलंच होतं.

आता जे काल सांगितलं नाही ते सांगते, कारण तुम्हाला तीन गोष्टी लिहायला लावायच्या आणि स्वतःची एक लपवायची, हे मला शोभत नाही.

कॉरिडॉर तीस मीटरांचा. ह्यांचे तेरा फेरे झाले. तीनशे नव्वद. तेराव्या फेऱ्याला ते भिंतीशी आले, हात टेकला आणि थांबले. चेहरा पांढरा पडला होता. वीसेक सेकंद उरले होते. तुम्ही हात वर केलात तो तेव्हाच. ते थांबणारच होते, भाऊजी. तिथेच थांबले असते तर रेघेच्या आत होते, औषध मिळालं असतं. आणि मी ओरडले, "अहो, एवढ्यात दमलात? टपालखात्याचं नाव घालवताय!" ते हसले. भिंतीवरचा हात काढला आणि शेवटचे बावीस मीटर चालले. ते बावीस मीटर माझ्यासाठी चालले.

मी टाळ्या वाजवल्या.

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. दहा तारखेच्या पत्रात 'जिवाच्या आकांताने चालले' असं लिहिलं ते अर्धंच खरं आहे. पण म्हणून तुमचा हिशेब मिटला असं समजू नका. मला रेघ माहीत नव्हती. तुम्हाला माहीत होती. माझ्या वाटणीचं मी रोज भोगते. तुमच्या वाटणीचं तुम्ही भोगा.

तीन गोष्टी लिहा. सात दिवस उरले आहेत.

वहिनी


२८ फेब्रुवारी

भाऊजी,

कालच्या बैठकीचं तुम्हाला इतरांकडून कळलं असेलच. तरी माझ्याकडून ऐका.

तुमचं पत्र बैठक सुरू व्हायला दहा मिनिटं असताना पोचलं. हाताने लिहिलेलं, चार पानं. पहिल्यांदाच तुमच्या ओळी वाकड्या पाहिल्या. अध्यक्षबाईंनी ते मोठ्याने वाचलं. 'आकडा गोल होता म्हणून' या वाक्याशी त्यांनी चष्मा काढला. खजिना सांभाळणारे गृहस्थ म्हणाले, "रेघ काढली तर निधी पुरणार कसा?" मी म्हटलं, "पुरणार नाही म्हणून वर जाऊन भांडा ना साहेब. निधी कमी आहे हे तुम्ही सरकारला सांगायचं, की आजार कमी आहे हे रुग्णाला?" माझा आवाज चढला होता. त्यांनी पेन खाली ठेवलं.

रेघ पुसली गेली. पाचपैकी चार मतं. यापुढे रक्ताचा अहवाल, श्वासाची ताकद आणि डॉक्टरचा लेखी अभिप्राय. त्या रेघेवर ज्यांचे अर्ज फेटाळले त्या सगळ्या फायली पुन्हा उघडायच्या, असंही ठरलं.

मग तुमचा अर्ज आला. मी उभी राहिले आणि सांगितलं, हा माझा दीर आहे. अध्यक्षबाई म्हणाल्या, "बाई, मग तुम्ही बाहेर बसा." मी बाहेर बसले, तुम्ही बसला होतात त्याच बाकावर. पेपर नव्हता माझ्याकडे. वीस मिनिटं समोरच्या भिंतीकडे बघत होते. आत काय व्हावं असं मला वाटत होतं, ते विचारू नका. दोन्ही वाटत होतं.

औषध तुम्हाला मंजूर झालं. समितीवरून मात्र तुमचं नाव कायमचं काढलं आणि त्या लबाड चाचणीबद्दल चौकशी लागली. दवाखान्यात शिकाऊ डॉक्टर तुम्ही दिसलात की कुजबुजतात म्हणे. ऐकून बरं वाटलं.

निळ्या झाकणाची बाटली मी खिडकीतून काढून शिपायाला दिली. ती न्यायला येऊ नका.

वहिनी


१९ एप्रिल

भाऊजी,

यासोबत एक लिफाफा जोडला आहे. तो आधी उघडा, मग हे वाचा.

काल सकाळी मी टेबलावर वर्गवारी करत होते. सरकारी विमा योजनेच्या लिफाफ्यांचा एक गठ्ठा आला, रजिस्टर. उघडलेल्या फायलींचे निर्णय. गठ्ठ्यातला अकरावा लिफाफा हातात आला आणि त्याच्यावर तुमच्या दादांचं नाव होतं. पत्ता आमचाच. माझ्याच हाताने मी तो आमच्या गल्लीच्या खणात टाकला, आणि मग मला समजलं मी काय टाकलं ते.

त्यांच्या पहिल्या अर्जाची फाईल वेगळी होती, दुसऱ्या अर्जाची वेगळी. ते गेल्याची नोंद दुसऱ्या फायलीत झाली. पहिलीला कोणी सांगितलंच नाही. पहिली फाईल पाच वर्षं तशीच वाट बघत पडली होती. आता ती उघडली, रेघ नव्हती, तेव्हा तिने लिहिलं: 'आपणांस कळविण्यात आनंद होतो की आपला अर्ज मंजूर करण्यात आला आहे. पहिल्या मात्रेसाठी सोमवारी सकाळी नऊ वाजता उपस्थित राहावे. सोबत हलका आहार आणावा.'

लिफाफा मी तिथेच उघडून वाचला आणि टेबलाशीच बसून रडले. भोवतालचे सगळे काम थांबवून उभे राहिले. मग मोठे साहेब आले आणि हळूच म्हणाले, "ताई, नियम माहीत आहे ना?" माहीत आहे. ह्यांनीच शिकवला होता. घेणारा नसेल तर लिफाफ्यावर लाल शाईने 'मयत' लिहायचं आणि पत्र पाठवणाऱ्याकडे परत करायचं. हे म्हणायचे, "पत्र कधी हरवत नाही गं. पोचलं नाही, तर ज्याने पाठवलं त्याच्याकडे जातं."

लाल शाईचं अक्षर माझं आहे. नियमाप्रमाणे हा लिफाफा योजनेच्या कार्यालयात जायला हवा. तिथे कोणीतरी तो फायलीला लावील आणि फाईल बंद करील. मी तो तुम्हाला पाठवते आहे. घरच्या माणसासाठी एकदा क्रम मोडायचा, ही आमच्या घरातली रीतच आहे.

तुमचं औषध सुरू झाल्याचं ऐकलं. दर पंधरा दिवसांनी, खुर्चीत बसून, चार-पाच तास सुई लावून. माणसाला काहीच करता येत नाही म्हणे त्या वेळात. वाचता मात्र येतं. तर लिफाफ्यातलं ते पत्र बरोबर नेत जा. औषध चढत असेल तेव्हा दर वेळी एकदा वाचा. 'आनंद होतो' पासून 'हलका आहार' पर्यंत.

तुम्ही मरावं असं मला एके काळी वाटायचं. आता तसं नाही. तुम्ही जगा, भाऊजी. औषध तुम्हाला लागू पडो, पाय भक्कम होवोत, शंभर वर्षं जगा. थोरल्या वहिनीचा आशीर्वाद आहे. यातली एकही पंधरवड्याची खेप चुकवू नका.

पोचपावतीवर सही करून ती परत पाठवा. मी ती ह्यांच्या काळ्या बुटांत ठेवणार आहे.

तुमच्या दादांची बायको